क्रॅश झाला पण डंप सापडत नाही? कर्नल डंप कुठे सेव्ह होतो आणि ती जागा नीट कशी बदलायची

मशीन क्रॅश होतं, निळी (अलीकडच्या विंडोज ११ वर काळी) स्क्रीन येते, रीस्टार्ट होतं, आणि ज्याला कारण शोधायचंय तो म्हणतो डंप फाइल, म्हणजे क्रॅशच्या क्षणी मेमरीत जे होतं त्याची नोंद, पाठवा. तेव्हा शोधायला गेलं की कळतं फाइल बनलेलीच नाही. सेटिंगमध्ये तर पाथ व्यवस्थित डी ड्राइव्हचा दिलेला असतो, तिथे भरपूर जागाही असते, मग फाइल गेली कुठे? यातली बहुतेक प्रकरणं एकाच गैरसमजातून होतात, म्हणून आधी तो काढून टाकू आणि मग स्टेपकडे वळू. विंडोजचं सविस्तर सांगतो, त्यानंतर लिनक्स, आणि फ्रीबीएसडीचं थोडक्यात.

एक सूचना, रजिस्ट्रीतली (म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातली) नावं, कमांड आणि पाथ मी उच्चारावरून देवनागरीत लिहिलेत, टाईप करताना नेहमीचं रोमन स्पेलिंग वापरा, आणि रजिस्ट्रीतल्या नावांत शब्द जोडून लिहा, मधे स्पेस नको.

डंपला दोन जागा लागतात

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तो पडतो त्या क्षणी त्याचा कशावरच भरवसा राहिलेला नसतो. कदाचित फाइल सिस्टिमचा ड्रायव्हरच बिघडलेला असेल, कदाचित मेमरीत कचरा झाला असेल, अशा अवस्थेत एनटीएफएसवर, म्हणजे विंडोजच्या फाइल सिस्टिमवर, नवीन फाइल उघडून लिहायला गेलं तर आहे तो डेटाही खराब व्हायचा. म्हणून विंडोज बूट होतानाच एक तयारी करून ठेवतं, पेजफाइल, म्हणजे रॅम कमी पडली की विंडोज जी फाइल वापरतं ती, डिस्कवर नेमकी कुठे कुठे पसरलीय त्याची नोंद घेतं आणि डिस्क ड्रायव्हरची एक वेगळी कॉपी फक्त डंपसाठी मेमरीत ठेवतं. क्रॅश झाला की या कॉपीतून थेट त्या जागेवर मेमरी ओतली जाते, फाइल सिस्टिमला न विचारता. मग मशीन रीस्टार्ट होतं, बूटच्या अगदी सुरुवातीला पेजफाइलमध्ये डंप पडलाय हे विंडोजच्या लक्षात येतं आणि तो तिथून काढून मेमरी.डीएमपी नावाच्या फाइलमध्ये हलवला जातो.

म्हणजे पहिली जागा पेजफाइल आणि दुसरी जागा ती फाइल. सेटिंगच्या खिडकीत जो पाथ दिसतो तो फक्त दुसऱ्या जागेचा. सी ड्राइव्हवरची पेजफाइल तुम्ही बंद केलीय किंवा एसएसडी वाचवायची म्हणून अगदी छोटी केलीय, तर दुसऱ्या जागेला कितीही टेराबाइट द्या, तिथे पोचायला काही शिल्लकच नसतं. खालच्या सगळ्या स्टेप करताना दर वेळी स्वतःला विचारा की आत्ता मी पहिली जागा बदलतोय की दुसरी.

विंडोज: आधी डंपचा प्रकार ठरवा

विंडोज आणि आर दाबा, सिसडीएम.सीपीएल टाईप करून एंटर. अॅडव्हान्स्ड टॅब, त्यात सगळ्यात खाली स्टार्टअप अँड रिकव्हरी, तिथलं सेटिंग्ज बटण. उघडलेल्या खिडकीत खालच्या अर्ध्या भागात डंपच्या प्रकारांची यादी आहे.

स्मॉल मेमरी डंप म्हणजे मिनीडंप. फाइल छोटीशी, विंडोजच्या फोल्डरात मिनीडंप नावाच्या फोल्डरमध्ये दर क्रॅशची वेगळी, तारखेच्या नावाने. एरर कोड, तेव्हा चालू असलेला थ्रेड, त्याचा स्टॅक आणि लोड झालेल्या ड्रायव्हरची यादी एवढंच त्यात असतं. एखादा ड्रायव्हर सरळ सरळ पकडला गेला तर पुरतं, नाहीतर नाही.

कर्नल मेमरी डंपमध्ये कर्नलची मेमरी सगळी येते, चालू प्रोग्रामांची नाही. साइज आधी नक्की सांगता येत नाही कारण क्रॅशच्या वेळी कर्नल किती मेमरी वापरत होता त्यावर ते ठरतं, पण एकूण रॅमपेक्षा बरीच कमी असते. ऑटोमॅटिक मेमरी डंप हा विंडोज ८ पासूनचा डिफॉल्ट, आणि गंमत म्हणजे त्याच्या आतला मजकूर कर्नल डंपसारखाच असतो, फरक फक्त पेजफाइलच्या साइजमध्ये. पेजफाइल सिस्टिमच्या ताब्यात असेल तर विंडोज ती आधी लहान ठेवतं, आणि जागा कमी पडून क्रॅशचा डंप बसला नाही तर रीस्टार्टनंतर ती निदान रॅमएवढी वाढवतं आणि चार आठवडे तशी ठेवतं, म्हणजे पुढचा क्रॅश तरी पकडला जावा. याचा अर्थ नीट समजून घ्या, ऑटोमॅटिकवर पहिला क्रॅश हुकू शकतो. महिन्यातून एकदा क्रॅश होणाऱ्या मशीनवर हे परवडत नाही, तिथे साइज स्वतः ठरवलेली बरी.

कम्प्लीट म्हणजे सगळी रॅम. त्यासाठी पहिल्या जागेत रॅमएवढी अधिक २५७ एमबी जागा लागते. अॅक्टिव्ह हा विंडोज १० आणि सर्व्हर २०१६ पासून आलेला प्रकार, व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या हायपर-व्हीच्या होस्टवर उपयोगी, कारण व्हर्च्युअल मशीनना दिलेली मेमरी तो वगळतो आणि फाइल आवाक्यात राहते.

माझं मत विचाराल तर साध्या पीसीला ऑटोमॅटिक किंवा कर्नल पुरे, सर्व्हरला कर्नल, आणि कम्प्लीट फक्त कोणी विश्लेषण करणाऱ्याने मुद्दाम मागितला तरच. १२८ जीबी रॅमचा कम्प्लीट डंप घेऊन ठेवायचा, मग तो कोणाला पाठवायचा कसा हाच वेगळा प्रोजेक्ट होतो.

पहिली जागा: पेजफाइल

१. त्याच अॅडव्हान्स्ड टॅबमध्ये वर परफॉर्मन्सचं सेटिंग्ज, त्यात पुन्हा अॅडव्हान्स्ड, मग व्हर्च्युअल मेमरीखालचं चेंज बटण.

२. सगळ्यात वरची टिक म्हणजे पेजफाइल सिस्टिमनेच सांभाळावी. ती असेल, सी ड्राइव्हवर जागा मोकळी असेल आणि ऑटोमॅटिकवर पहिला क्रॅश हुकला तरी चालणार असेल तर इथे काही करायची गरज नाही, मागे या.

३. टिक काढलेली असेल तर सी ड्राइव्हसमोर काय लिहिलंय बघा. तिथे 'नो पेजिंग फाइल' असेल किंवा काहीशे एमबी असतील तर तुमचं दुखणं सापडलं. सी निवडा, कस्टम साइज द्या, सेट दाबा. सेट न दाबता ओके दाबलं तर बदल लागत नाही, हे फार जणांचं होतं.

४. पेजफाइल लहान करताना विंडोज एक वॉर्निंग दाखवतं की एवढ्या साइजमध्ये सिस्टिम एररची माहिती नोंदवता येणार नाही. लोक ते न वाचता यस करतात. वाचा.

५. रीस्टार्ट. त्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण पेजफाइलची ती नोंद बूटच्या वेळीच घेतली जाते.

सी ड्राइव्ह इतका लहान आहे की रॅमएवढी पेजफाइल बसतच नाही, असं सर्व्हरवर सर्रास असतं. त्यासाठी डेडिकेटेड डंप फाइलची सोय आहे, म्हणजे पेजफाइल आहे तशी राहू द्यायची आणि डंपसाठी दुसऱ्या ड्राइव्हवर आधीच राखून ठेवलेली वेगळी फाइल द्यायची. सेटिंगच्या खिडकीत हे कुठेच नाही, रजिस्ट्रीतच करावं लागतं.

रेजएडिट अॅडमिन म्हणून उघडा. एचकी लोकल मशीन, सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, क्रॅश कंट्रोल, या क्रमाने आत जा. काही बदलायच्या आधी ही की एक्स्पोर्ट करून ठेवा, दोन क्लिकचं काम आहे. मग उजव्या बाजूला नवीन स्ट्रिंग व्हॅल्यू बनवा, नाव डेडिकेटेड डंप फाइल, त्यात पूर्ण पाथ, उदाहरणार्थ डी:\डेडिकेटेडडंप.सिस. दुसरी नवीन व्हॅल्यू डीवर्ड ३२ बिट, नाव डंप फाइल साइज, आकडा एमबीमध्ये. १६ जीबी रॅमला कम्प्लीट डंप हवा असेल तर १६३८४ अधिक २५७ म्हणजे १६६४१. इथे एक खोच आहे, रेजएडिट डीवर्डची खिडकी हेक्साडेसिमलवर उघडतं, डेसिमल निवडून मगच आकडा टाका, नाहीतर १६६४१ हा हेक्समध्ये धरला गेला की तब्बल ९० जीबीच्या जवळपास जातो आणि एवढी जागा ड्राइव्हवर नसली की फाइल काही बनत नाही.

रीस्टार्ट केल्यावर डी ड्राइव्हवर ती फाइल तयार दिसली पाहिजे, क्रॅश व्हायची वाट बघावी लागत नाही, जागा आधीच अडवली जाते. दिसत नसेल तर लपवलेल्या सिस्टिम फाइल दाखवायचं ऑप्शन चालू करून बघा. ड्राइव्ह मशीनमधलाच कायमचा हवा. नेटवर्कचा शेअर चालत नाही, क्रॅशच्या वेळी नेटवर्क कुठून आणणार.

दुसरी जागा: फाइलचा पाथ

आता परत स्टार्टअप अँड रिकव्हरी. डंप फाइलच्या रकान्यात मूळ पाथ असतो सिस्टिमरूट म्हणजे विंडोजचा फोल्डर आणि पुढे मेमरी.डीएमपी. तो बदलून डी:\डंप\मेमरी.डीएमपी असं काही करा. फोल्डर आधी स्वतः बनवून ठेवा. मिनीडंप निवडला तर हाच रकाना फाइलऐवजी फोल्डरचा पाथ मागतो, गोंधळू नका.

डेडिकेटेड फाइल वापरली तरी ही दुसरी जागा लागतेच, कारण रीस्टार्टनंतर डंप तिथून काढून इथे लिहिला जातो. म्हणजे डीवर डेडिकेटेड फाइल १६ जीबीची आणि मेमरी.डीएमपी पण डीवरच, तर हिशोब दुप्पट धरा. आणि डेडिकेटेड डीवर दिली पण हा पाथ सीवरच राहिला, तर ज्या लहान ड्राइव्हपासून पळत होतो तोच पुन्हा आडवा येतो.

त्याच खिडकीत तीन टिक अजून आहेत. सिस्टिम लॉगमध्ये नोंद करणं, ती राहू द्या. आपोआप रीस्टार्ट, सर्व्हरला हवी, घरच्या पीसीवर निळी स्क्रीन वाचायची असेल तर काढा. आणि आधीच्या फाइलवर नवी लिहिणं. ती काढली तर पहिला क्रॅश जपला जातो पण पुढचा डंप जुनी फाइल हलवल्याशिवाय सेव्ह होत नाही, ठेवली तर कायम फक्त शेवटचा क्रॅश हाताशी राहतो. मी ठेवतो, आणि प्रत्येक क्रॅशनंतर फाइलचं नाव बदलून बाजूला काढतो.

खाली अजून एक चौकोन आहे, जागा कमी असताना डंप आपोआप डिलीट करू नये असा. डोमेनमध्ये नसलेल्या पीसीवर २५ जीबीपेक्षा कमी जागा मोकळी असेल तर विंडोज मोठा डंप स्वतःच काढून टाकतं. फाइल बनलेली असते, कोणी हात लावलेला नसतो, तरी नाही, त्याचं कारण बहुधा हे. इथे टिक करा. आणि डिस्क क्लीनअप चालवताना सिस्टिम एरर मेमरी डंप फाइल्स अशी एक ओळ येते तिथली टिक काढत जा.

लिनक्स: इथे दुसरा कर्नलच उठतो

लिनक्सची रीत वेगळी आहे आणि मला विचाराल तर जास्त हुशार. बूटच्या वेळी रॅमचा एक तुकडा बाजूला राखला जातो, त्यात दुसरा छोटा कर्नल झोपवून ठेवतात, पहिला पडला की केएक्झेक नावाच्या सोयीने तो दुसरा थेट चालू होतो, आणि त्याला पहिल्याची सगळी मेमरी एका फाइलसारखी वाचता येते. यालाच केडंप म्हणतात, २००५ सालच्या २.६.१३ कर्नलपासून हे मूळ कर्नलमध्ये आहे. फायदा असा की लिहिणारा कर्नल धडधाकट असतो, म्हणून तो फाइल सिस्टिमवर, नेटवर्कवरच्या एनएफएस शेअरवर, एसएसएचने दुसऱ्या मशीनवर, कुठेही लिहू शकतो. इथे पहिली जागा म्हणजे ती राखीव रॅम.

रेड हॅट आणि त्याच्या घराण्यात असं करायचं.

आधी राखीव रॅम. बूटच्या ओळीत क्रॅशकर्नल हा पॅरामीटर असतो. रेड हॅट ९ मध्ये डिफॉल्ट असा आहे, १ ते ४ जीबी रॅमला १९२ एमबी, ४ ते ६४ जीबीला २५६ एमबी, त्यापुढे ५१२ एमबी. केडंपसीटीएल एस्टिमेट ही कमांड तुमच्या मशीनला किती लागेल ते सांगते. खूप ड्रायव्हर किंवा नेटवर्कवरचं टार्गेट असेल तर वाढवा, बूटची ओळ बदलणाऱ्या ग्रबी कमांडने बदल करून रीबूट. ही रॅम कमी पडली तर दुसरा कर्नल अर्ध्यातच मेमरी संपून मरतो आणि हातात काही येत नाही, वर पाथवरून शोध चालू राहतो तो फुकटच.

मग ईटीसी फोल्डरातली केडंप.कॉन्फ फाइल. काहीच टार्गेट दिलं नाही तर डंप व्हार/क्रॅशमध्ये जातो, दर क्रॅशला आयपी आणि तारखेच्या नावाचा फोल्डर, आत व्हीएमकोअर म्हणजे खुद्द डंप आणि त्याच्यासोबत डीमेसेजची, म्हणजे कर्नलच्या संदेशांची, टेक्स्ट फाइल. नुसती डीमेसेजची फाइल वाचूनच अर्धी प्रकरणं सुटतात, तेव्हा ती आधी उघडा.

वेगळं पार्टिशन द्यायचं तर एक्सटी४ किंवा एक्सएफएस असा फाइल सिस्टिमचा प्रकार आणि पुढे त्याचा यूयूआयडी, म्हणजे त्या पार्टिशनची न बदलणारी ओळख, अशी ओळ लिहा, नुसतं एसडीबी१ लिहू नका, दुसऱ्या कर्नलमध्ये डिस्कचा क्रम बदलू शकतो. आता सगळ्यात जास्त लोक जिथे अडकतात ती गोष्ट. टार्गेट दिलं की पाथ हा त्या पार्टिशनच्या मुळापासून मोजला जातो. समजा व्हार हेच वेगळं पार्टिशन आहे, तुम्ही तेच टार्गेट दिलंत आणि पाथ व्हार/क्रॅश तसाच ठेवलात, तर डंप जाणार व्हारच्या आत व्हार आणि त्याच्या आत क्रॅशमध्ये. पाथ नुसता /क्रॅश लिहा म्हणजे बरोबर जागी पडेल.

एनएफएससाठी एनएफएस शब्द, सर्व्हर, कोलन, एक्स्पोर्टचा पाथ, एवढीच ओळ. एसएसएचसाठी यूजर आणि होस्ट, दुसऱ्या ओळीत एसएसएचकीचा पाथ, आणि केडंपसीटीएल प्रॉपगेट चालवून की पलीकडे पोचवायची. एसएसएच असेल तर मेकडंपफाइलला, म्हणजे डंप आटोपशीर करून लिहिणाऱ्या टूलला, कॅपिटल एफ हा पर्याय द्यावाच लागतो, आणि पलीकडे फाइल फ्लॅट स्वरूपात पडते, ती वाचायच्या आधी मेकडंपफाइलच्याच कॅपिटल आर पर्यायाने पुन्हा जुळवावी लागते.

मेकडंपफाइलच्या ओळीत डी ३१ असं दिसेल. शून्याने भरलेली पानं १, दोन प्रकारचे कॅश २ आणि ४, प्रोग्रामांचा डेटा ८, मोकळी पानं १६, बेरीज ३१, म्हणजे हे सगळं वगळा. २५६ जीबीच्या मशीनचा डंप काही जीबीत मावतो तो यामुळेच. सहसा याला हात लावायची गरज पडत नाही.

फेल्युअर_अॅक्शन ही ओळही बघून ठेवा. टार्गेटवर लिहिता आलं नाही तर काय करायचं ते इथे ठरतं, डिफॉल्ट नुसतं रीबूट आहे. नेटवर्कवरचं टार्गेट असेल तर मी डंप_टू_रूटएफएस ठेवतो, निदान लोकल डिस्कवर तरी काहीतरी उरेल. टार्गेटची डिस्क एनक्रिप्टेड असेल तर मात्र अडचण आहे, दुसऱ्या कर्नलला पासवर्ड कोण देणार, तिथे वेगळं साधं पार्टिशन किंवा नेटवर्क हाच सरळ मार्ग.

फाइल सेव्ह केली की केडंपसीटीएल रीस्टार्ट. यातच दुसऱ्या कर्नलची इनिटरॅमएफएस, म्हणजे त्याला बूट होताना लागणारी छोटी फाइल सिस्टिम, नव्याने बनते, टार्गेट चुकलं असेल तर बहुतेक वेळा इथेच ओरडते.

डेबियन आणि उबंटूवर पॅकेजचं नाव केडंप-टूल्स, सेटिंगची फाइल ईटीसी/डिफॉल्ट/केडंप-टूल्स, जागा बदलायची ती केडंप_कोअरडिर या व्हेरिएबलमध्ये, आणि केडंप-कॉन्फिग शो या कमांडने सगळं तयार आहे का ते दिसतं.

फ्रीबीएसडीवाल्यांना विंडोजची गोष्ट ओळखीची वाटेल, कारण तिथेही सहसा डंप आधी स्वॅपवर, म्हणजे तिथल्या पेजफाइलसारख्या जागेवर, लिहिला जातो आणि बूटनंतर सेव्हकोअर तो व्हार/क्रॅशमध्ये काढतो. आरसी.कॉन्फमध्ये डंपडेव्ह म्हणजे पहिली जागा आणि डंपडिर म्हणजे दुसरी, इतकं स्वच्छ कोणीच लिहिलेलं नाही.

मुद्दाम क्रॅश करून बघा

हे न करता सेटिंग झाली म्हणू नका. सगळं सेव्ह करा, डेटाबेस वगैरे बंद करा, चालू प्रॉडक्शनवर करायचं असेल तर वेळ मागून घ्या.

विंडोजवर सिसइंटर्नल्सचं नॉटमायफॉल्ट हे टूल याचसाठी आहे, अॅडमिन म्हणून चालवायचं, क्रॅश दाबायचं. लिनक्सवर आधी सिस/कर्नल/केएक्झेक_क्रॅश_लोडेड ही फाइल वाचा, १ आलं तरच पुढे जा, मग रूट म्हणून एको सी करून प्रॉक/सिसआरक्यू-ट्रिगरमध्ये सोडा, त्याच क्षणी मशीन पडतं.

डंप लिहिला जात असताना पॉवर बटणाला हात लावू नका. मोठ्या रॅमला वेळ लागतो, स्क्रीनवरची टक्केवारी बराच वेळ हलली नाही तरी थांबा. सर्व्हरवर हार्डवेअरचा वॉचडॉग असतो, काहीतरी अडकलंय समजून तो काही मिनिटांनी मशीन रीसेट करतो आणि अर्धा लिहिलेला डंप वाया जातो. बायॉसमध्ये किंवा मॅनेजमेंट कार्डवर तो बंद करा किंवा त्याची मुदत वाढवा.

रीस्टार्टनंतर विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर, सिस्टिम लॉग. बगचेकचा १००१ नंबरचा इव्हेंट असेल तर त्यातच डंप कुठे सेव्ह झाला तो पाथ लिहिलेला असतो. फक्त कर्नल-पॉवर ४१ दिसत असेल तर एवढंच कळतं की मशीन नीट बंद झालं नव्हतं. व्हॉलएमजीआरचा १६१ म्हणजे डंप लिहिताना बिघडलं, ४६ म्हणजे बूटच्या वेळी डंपची तयारीच झाली नाही, दोन्ही वेळा पहिल्या जागेकडे परत जा, पेजफाइल किंवा डेडिकेटेड फाइलचा पाथ आणि साइज तपासा. १००१ आहे पण फाइल नाही, तर दुसरी जागा तपासा, म्हणजे मोकळी जागा, फोल्डर आणि ती डिलीटवाली टिक.

फाइल मिळाली की विनडीबीजी या डीबगरमध्ये उघडून अॅनलाइज चालवा, नुसती उघडतेय का एवढं तरी बघा. लिनक्सवर क्रॅश नावाच्या टूलला त्याच कर्नल व्हर्जनची डीबगइन्फो लागते, ती आजच उतरवून ठेवा, पुढे कर्नल अपडेट झाला की जुनी शोधत बसावं लागतं.

आणि फोल्डरच्या परवानग्या अॅडमिन किंवा रूटपुरत्याच ठेवा. डंप म्हणजे त्या क्षणाची मेमरी, त्यात पासवर्ड, एनक्रिप्शनच्या की, उघड्या असलेल्या डेटाचे तुकडे काहीही सापडू शकतं, कर्नल डंपमध्ये कमी आणि कम्प्लीटमध्ये सगळंच. कोणाला पाठवताना एनक्रिप्ट करून पाठवा, टेस्टसाठी बनवलेला डंप काम झाल्यावर डिलीट करा, आणि विंडोजवर कम्प्लीटची गरज संपली असेल तर प्रकार परत कर्नलवर आणा, मग डेडिकेटेड फाइलचा आकडाही कमी करून रीस्टार्ट करा म्हणजे अडवलेली जागा मोकळी होईल.